पहिल्या बुडीचं बेट

आमच्या गावाकडं पोहणं विहिरीत शिकवत. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि काठावरून ढकलून द्यायला एखादा मामा नाहीतर चुलता. डबा सुटला, दोर सुटला की पुढची परीक्षा बुडीची. वरून टाकलेलं नाणं तळातून काढून आणायचं. छाती भरून हवा घ्यायची, ओठ घट्ट मिटायचे आणि दम टिकेल तोवर गार, शेवाळी अंधारात तळ चाचपायचा. ज्याचा दम मोठा तो पट्टीचा पोहणारा. त्या वयात शरीराला लागलेलं वळण सहसा मोडत नाही. डोकं पाण्याखाली गेलं की श्वास आपोआप थांबतो.

स्कुबा शिकवताना पहिल्याच दिवशी याच्या नेमकं उलटं सांगतात. श्वास रोखायचा नाही, कधीही नाही. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर सिलिंडरमधून घेतलेली छातीभर हवा वर येताना फुगत फुगत पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. श्वास मोकळा असेल तर ती बुडबुड्यांवाटे निघून जाते. रोखून धरला तर फुप्फुसाला इजा होते, आणि त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. हे समजायला पाच मिनिटं लागतात. शरीराच्या गळी उतरायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ देणारं पाणी लागतं.

म्हणून ‘स्कुबा शिकायचंय, कुठं जाऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी गप्प बसून त्या माणसाचा चेहरा बघते. बहुतेकांच्या मनात एखादं छायाचित्र असतं. निळंशार पाणी, कासव, त्याच्या शेजारून तरंगत जाणारा डायव्हर. त्या छायाचित्रातल्या माणसामागं बरीच वर्षं आणि खूप बुड्या असतात. नवख्याचे पहिले काही दिवस वाळूवर गुडघे टेकून, गुरूच्या हाताकडं बघत जातात. भोवती शार्क फिरत असला तरी त्याच्याकडं लक्ष जाईल एवढं मन मोकळं नसतं. तेव्हा पहिल्या बुडीसाठी बेट निवडताना तिथं काय दिसतं याला माझ्या लेखी फार किंमत नाही. तिथलं पाणी घाबरलेल्या माणसाशी कसं वागतं हे मी आधी विचारते.

यातली कानांची गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. सगळ्यांना वाटतं, खोल गेल्यावर त्रास होईल, वरवर सोपं. कानांच्या बाबतीत ते उलटं आहे. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो. पुढच्या दहा मीटरमध्ये तो दुपटीवरून तिपटीवर जातो, म्हणजे दीडपटच वाढतो. कानाच्या पडद्यामागच्या हवेला सगळ्यात जास्त दामटलं जातं ते पहिल्या काही मीटरमध्ये. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात ‘टुक’ झालं की आणखी थोडं खाली. दुखलं तर हातभर वर यायचं, पुन्हा फुंकायचं. होडीतून थेट खोल पाण्यात उडी मारली की या सगळ्याला पायाखाली आधार नसतो. हळूहळू उतरत जाणारा वाळूचा किनारा असेल तर नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तसं उतरता येतं. एका पायरीवर कान मोकळे झाले की दुसरी.

मग बेटच का? समुद्र तर आपल्या कोकणातही आहे. याचं उत्तर नद्यांमध्ये आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळाभर माती आणून समुद्रात ओततात, आणि पाऊस संपला तरी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तो गाळ लाटांबरोबर ढवळत राहतो. मुख्य भूमीपासून लांब असलेल्या छोट्या बेटावर मोठी नदीच नसते. पाऊस पडतो तो जंगलात, वाळूत मुरतो, त्यामुळं भोवतालचं पाणी नितळ राहतं. शिवाय बेटाला चारी बाजू असतात. वारा कुठूनही सुटो, एखादी बाजू त्याच्या आडोशाला असतेच, आणि गुरू चांगला असेल तर तो सकाळी उठून आधी तीच शोधतो. उष्ण कटिबंधातल्या बेटाभोवती प्रवाळाचा बांध असला की लाट बाहेरच फुटते. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं. शरीरातली उष्णता हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक वेगानं ओढून घेतं, म्हणून हे उबदार पाणी फार मोलाचं. थंडीनं कुडकुडणारा माणूस हवा भराभर संपवतो आणि आधी घाबरतो.

मालवणवर माझा जीव आहे, त्यामुळं त्याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत, आणि १९८७ पासून तिथला काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली, त्या घरांतली मुलं आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. हे मला मनापासून आवडतं. ज्याला समुद्र कळतो त्याच्या हातात त्या धंद्याची दोरी असावी. पण तिथं बहुतेकांना मिळते ती ओळखीपुरती बुडी. मार्गदर्शक तुमच्या सिलिंडरला धरून तुम्हाला फिरवून आणतो, फोटो काढतो, वर आणून सोडतो. भीती मोडायला ती उत्तम. ज्यांना आयुष्यात एकदाच पाण्याखाली डोकावायचंय, त्यांनी दूर कुठं जाऊच नये, मालवणलाच जावं. माशांना जवळ बोलावण्यासाठी पाण्यात पाव-बिस्किटं टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती तेवढी आपण ग्राहकांनीच नको म्हणून बंद करायला हवी.

रीतसर शिकायचं तर गुरूचा हात पाच-सहा मीटरवरून स्वच्छ दिसला पाहिजे. मालवणच्या पाण्यात तो काही दिवशी दिसतो, काही दिवशी दिसत नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळानं उभारलेल्या संस्थेत प्रशिक्षणासाठी खास खोल तलाव आहे. तिथं तलावातला भाग शिकून उरलेल्या बुड्या निवळशंख पाण्यात करणं हा एक शहाणपणाचा मार्ग आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळपठार विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत आहे, पण ते उघड्या समुद्रात, खोल आणि ओढीच्या पाण्यात. त्याचं नाव मनात ठेवायचं ते पुढच्या काळासाठी.

मालदीवचं नाव हल्ली घरोघर निघतं. तिथलं पाणी जगातल्या सर्वोत्तम पाण्यांपैकी आहे यात वाद नाही. पण मालदीव ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते बरंचसं प्रवाळकड्यांमधल्या खिंडींमध्ये असतं. भरती-ओहोटीचं पाणी त्या खिंडींतून जोरात आत-बाहेर करतं, आणि त्या ओढीत शार्क आणि मांटा मासे येतात. ओढीत स्थिर राहणं ही शिकून झाल्यावरची विद्या आहे. नवख्याला तिथं रिसॉर्टच्या दारातल्या उथळ प्रवाळावरच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मग एवढ्या खर्चात आपण कशासाठी आलो असं वाटत राहतं.

थायलंडच्या आखातातल्या कोह ताओबद्दल मात्र मी आदरानं बोलते. जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, एकेकाळी राजकीय कैद्यांना ठेवायची जागा, आणि आज जगात सर्वाधिक नवे डायव्हर तयार करणाऱ्या ठिकाणांपैकी एक. शाळेला शाळा लागून आहे, आखातातलं पाणी सौम्य आहे, आणि स्पर्धेमुळं खर्चही आवाक्यात राहतो. मराठी घरांच्या दृष्टीनं त्याचा खरा उपयोग मे महिन्यात. आपल्याकडच्या समुद्रांचा हंगाम आवरायला लागतो तेव्हा तिथलं पाणी शांत असतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत तिकडं शिकायला जाऊ नये. मला खुपतं ते तिथला वेग. गर्दीच्या हंगामात आज आलेल्यांना परवा मोकळं करायचं असतं, आणि ज्याचे कान हळू मोकळे होतात त्याच्यासाठी थांबायला वेळापत्रकात जागा नसते.

लक्षद्वीपचं पाणी नवख्यासाठी याहूनही उत्तम आहे. आपल्या देशातली ही कंकणाकृती प्रवाळबेटं. बहुतेक बेटं कंकणाच्या पूर्वेकडच्या कडेवर उभी आहेत आणि पश्चिमेला उथळ, हिरवंनिळं सरोवर पसरलंय. कदमत किंवा बंगारामच्या त्या सरोवरात वाळू इतकी पांढरी असते की तळाचा उजेड चेहऱ्यावर येतो. पण तिथं जायला परवाना लागतो, जहाज किंवा अगत्तीचं विमान आधीपासून धरावं लागतं, राहायच्या जागा थोड्या. गोड्या पाण्याचा पातळ थर वाळूखाली तरंगत असतो, आणि तिथल्या रहिवाशांना तोच पुरवायचा असतो. त्या बेटांनी आपल्याला कमी संख्येनं येऊ द्यावं हेच बरं. ज्याला सगळं जुळवून आणता येईल त्यानं जरूर जावं.

आणि म्हणून, सगळ्या बाजूंनी विचार करून, मी नाव घेते अंदमानातल्या हॅवलॉकचं. २०१८ पासून त्याचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे. बोटीवर आणि बाजारात अजून दोन्ही नावं चालतात. अंदमान म्हटलं की मराठी माणसाला आधी सेल्युलर जेल दिसतं, १९११ ते १९२१ सावरकर ज्या कोठड्यांमध्ये होते तिथं डोकं टेकवायचं असतं, आणि ते टेकवलंच पाहिजे. पण त्यापुढची सहल ज्या रीतीनं आखली जाते तिच्याबद्दल मला तक्रार आहे. हॅवलॉकला एखादी रात्र, त्यात सकाळी अर्धा तास ‘स्कुबा’, दुपारी राधानगरचा सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी नील बेट. एवढ्या लांब येऊन, एवढं चांगलं पाणी समोर असताना, माणसं त्यात नुसती ओली होऊन परत जातात.

हॅवलॉक हे मुळात शेतकऱ्यांचं बेट. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना पन्नासच्या दशकात इथं जमीन देऊन वसवलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी गावांची नावं त्यांनी सोबत आणलेल्या देवाधर्माची साक्ष देतात. धक्क्यापासून निघालं की भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, तळ्यांत बदकं, आणि मध्येच एखाद्या आवारात वाळत घातलेले रबरी सूट. बाजारातल्या खाणावळीत मोहरीच्या फोडणीचं कालवण आणि भात. इथल्या जंगलात पूर्वी लाकूड ओढायला हत्ती होते, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर त्यांना पोहत नेत. त्यातला शेवटचा पोहणारा राजन २०१६ साली गेला. माझ्याशी त्याच्याबद्दल बोललेले गावकरी त्याचं नाव घरातल्या म्हाताऱ्याचं घ्यावं तसं घेत होते.

नवख्याचं पाणी आहे ते बेटाच्या पूर्व अंगाला, दोन नंबरच्या किनाऱ्यापुढं. डायव्हर त्या जागेला ‘निमो रीफ’ म्हणतात. होडी लागत नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पायांत फिन्स चढवायचे, गुरूच्या खांद्याला धरून पाठीवर तरंगत थोडं आत जायचं आणि उतरायचं. तळ वाळूचा, उतार इतका मंद की आपण खाली जातोय हे हातावरच्या मीटरवरूनच कळतं. मध्ये मध्ये प्रवाळाचे सुटे ढिगारे. अगदी आत गेलं तरी खोली दहा-बारा मीटरच्या आसपास. जगातल्या मोठ्या डायव्हर लोकांनी या जागेसाठी विमानाचं तिकीट काढलेलं मी ऐकलं नाही. शिकणाऱ्याला मात्र इथं सगळं आहे.

मला शिकवणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला, हा माझ्या नशिबाचा भाग. पहिल्या सकाळी त्यानं मला आणि माझ्याबरोबरच्या एका तरुण डॉक्टरला वाळूवर गुडघ्यांवर बसवलं, आणि खुणांनी सांगितलं की आता मास्कमध्ये पाणी घ्यायचं. नवख्याची खरी कसोटी ती हीच. मास्कची वरची कड बोटानं किंचित उचलायची. खारं पाणी आधी भुवयांवर थंड लागतं, मग डोळ्यांच्या कडेनं उतरतं, नाकाशी येऊन थांबतं. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा येतेय, श्वास चालू आहे, हे सगळं डोक्याला कळत असतं. पण नाकाला पाणी लागलं की मेंदूच्या फार जुन्या भागात घंटा वाजते. नाक आत ओढायला बघतं. पाय आपोआप वर झेप घ्यायची तयारी करतात. त्या क्षणी समोर एक माणूस लागतो, हाताच्या अंतरावर, ज्याचे डोळे तुम्हाला दिसतात. त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला होता. दुसऱ्या हातानं तो श्वासाची खूण करत होता, हात छातीपासून दूर, परत छातीशी. मी त्या हाताबरोबर श्वास घेतला. मग डोकं किंचित मागं, मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची, आणि नाकानं सावकाश सोडायचं. पाणी खालच्या कडेनं निघून गेलं आणि जग पुन्हा दिसायला लागलं. समोर वाळूत एक छोटी कोळंबी आणि तिच्याच बिळात राहणारा गोबी मासा होता. कोळंबी बीळ उपसत होती, मासा दारात पहारा देत होता.

पूर्ण मास्क काढायची पाळी आली तेव्हा मला जमलं नाही. वर आल्यावर मी म्हटलं, “अरे, पुन्हा करू. लगेच करू.”

“नको काकू,” तो म्हणाला, “आज इथपर्यंत पुरे. श्वास वाढलाय तुमचा. उद्या सकाळच्या भरतीला परत येऊ.”

“तुझा दिवस फुकट जाईल.”

“माझा कुठला दिवस? समुद्र तुमचाय, वेळ तुमची आहे.”

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला, परत चढला, पाणी निघून गेलं. मला बेट निवडण्याबद्दल जे काही कळलंय त्यातलं बरंचसं त्या ‘आज इथपर्यंत पुरे’मध्ये आहे. हे म्हणायची मोकळीक जिथं गुरूला असते, तिथं शिकावं. त्यासाठी त्याच्या हाताखाली दोन-तीनपेक्षा जास्त शिष्य नसावेत, शिकणाऱ्याच्या गाठीला एखादा जादा दिवस असावा, आणि शाळेच्या मालकानं त्याच्याकडून रोजचा आकडा मागू नये. पैसे भरण्याआधी हे फोनवर विचारता येतं. गुरूमागं किती जण, होडीवर प्राणवायूची बाटली असते का, बुडीतून होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचाराची सोय सर्वांत जवळ कुठं आहे, हवा बिघडली तर बुडी रद्द करता का. उत्तर देताना जो माणूस वैतागतो त्याच्याकडं जाऊ नये.

गुरू आपली भाषा बोलणारा असेल तर उत्तमच. खोल पाण्यात बोलणं नसतंच, सगळ्या खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवली की ठीक, अंगठा वर केला की वर चला. पण बुडीआधी आणि बुडीनंतर जे बोलणं होतं त्यातच भीती बाहेर निघते, आणि ‘मला आतून कसंतरी होतंय’ हे परक्या भाषेत सांगताना माणूस ‘ठीक आहे’ असं सांगून मोकळा होतो. हॅवलॉकला हिंदी सगळीकडं चालते, मराठी बोलणाराही अनेकदा भेटतो. कोह ताओला किंवा मालदीवला हे मिळण्याची खात्री नाही, आणि पन्नाशीत शिकणाऱ्या माझ्यासारखीला ही छोटी गोष्ट नव्हती.

हंगामाबद्दल. अंदमानला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस लागतो, मे ते सप्टेंबर नैऋत्येचा आणि त्यानंतर ईशान्येचा. वादळंही ऑक्टोबर-नोव्हेंबरात उठतात. डिसेंबरअखेर समुद्र बसायला लागतो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलची सुरुवात हे सर्वांत शांत दिवस. याच्याही पुढं जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघावं असं मी सांगते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना उधाण आणि भांग यांतला फरक पाठ असतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि त्याला ओढ असते. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची हालचाल मंद, तळचा गाळ कमी उठतो. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागं जातं की खडक उघडे पडतात आणि किनाऱ्यावरून उतरणं थांबतं. तेव्हा शिकायचे दिवस अष्टमीच्या अलीकडं-पलीकडं येतील असे धरावेत. विमान कंपन्या तिथी बघत नाहीत, आपण बघावी.

निमो रीफ हे नाव ज्या नारिंगी-पांढऱ्या माशावरून पडलंय तो विदूषक मासा तिथं खरंच भेटतो, समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये. त्याच्या अंगावरच्या चिकट थरामुळं त्याला डंख बसत नाही. कळपातली मोठी ती मादी, आणि ती गेली की तिच्या खालचा नर मादी होतो. बोटभर मासा, पण घराजवळ गेलेल्या डायव्हरच्या मास्कवर धडक मारून येतो. त्याच्यासमोर तरंगत थांबता आलं, वर नाही, खाली नाही, हात न हलवता, नुसत्या श्वासावर, की समजावं आपण शिकलो. श्वास घेतला की शरीर किंचित वर, सोडला की किंचित खाली. मला वाटतं पोहण्यापेक्षा हे वेगळंच काही आहे. विहिरीतली मी दम धरून पाण्याशी भांडत होते. इथं पाण्यानं मला धरून ठेवलं होतं.

जोवर हे साधत नाही तोवर नवखा माणूस प्रवाळासाठी धोका असतो, आणि वाळूचं पाणी निवडण्यामागचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. डोक्याएवढा घुमट म्हणजे दोन-तीन दशकं. तोल गेलेल्या माणसाच्या फिनचा एक फटका त्याला पुरतो. आधीच त्याच्यावर काय काय येऊन गेलंय! १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा भारतीय बेटांभोवतीचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. अंदमानात २०१० चा तडाखा फार वाईट होता. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उष्णतेनं निघून जातं, त्याच्याबरोबर रंग जातो आणि अन्नही. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाहीतर मरतं. २०२४ मध्ये पुन्हा जगभर तेच झालं. हॅवलॉकच्या उथळ पाण्यात आजही मेलेल्या फांद्यांचा राखाडी सडा दिसतो आणि त्यावर नव्यानं धरलेली बोटाएवढी प्रवाळं दिसतात. त्या बोटाएवढ्यांवर आपण बसायचं नाही, त्यांना धरायचं नाही. मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून खिशात घालायचा नाही. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

मगरींचा उल्लेख टाळला तर हे सांगणं अर्धवट होईल. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर आहे. २०१० साली राधानगरच्या बाजूला स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. त्यामुळं खाडीच्या तोंडाशी, तिवरांजवळ पाण्यात उतरू नये, फलक लावलेत ते वाचावेत, आणि कुठं उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारावं. बेट घाबरण्यासारखं नाही, पण ते मगरीचंही घर आहे.

बेटावर पोचण्याआधीची तयारीही थोडी सांगते. स्कुबाच्या परवान्यासाठी दोनशे मीटर पोहता आणि दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. घाई न करता, कुठल्याही पद्धतीनं. शहरातल्या तलावावर दोन-तीन महिने गेलं की ते जमतं. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, जुनं सायनस असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी दाखवावं आणि अर्जात खरं लिहावं. सर्दी झालेल्या दिवशी बुडी नाही, मग गुरू कितीही हो म्हणो. पुण्या-मुंबईत तलावातला भाग करून घेणारे प्रशिक्षक आहेत. तो तिथंच उरकला तर बेटावरचे सगळे दिवस समुद्राला मिळतात.

हॅवलॉकला विमानतळ नाही, ही मला त्याची जमेची बाजू वाटते. शेवटच्या बुडीनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, आणि तोवर विमानात बसणं धोक्याचं. इथून निघायचं तर बोटीनं आधी पोर्ट ब्लेअरला यावं लागतं, आजचं श्री विजयपुरम. म्हणजे नियम पाळायची सोय भूगोलानंच करून ठेवलीय. फक्त आपण ती मोडू नये. दुपारी बुडी, मग शेवटची बोट आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान असली आखणी कुणी करून दिली तर बदलून घ्या.

तेव्हा अंदमानची सहल ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. यादीतली चार ठिकाणं कमी करा. सेल्युलर जेल बघा, आणि उरलेले सगळे दिवस एकाच बेटावर, एकाच गुरूकडं काढा. फेब्रुवारी-मार्चमधली अष्टमी बघून तिकीट काढा. बेटावर एक दिवस काहीही न ठरवलेला ठेवा, कारण तो कानांना लागेल किंवा वाऱ्याला. आणि परतीचं विमान शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तासांनी असू द्या, चोवीस असतील तर अधिक चांगलं.